डोळा निवळला, गोठा आजारला: वर्धा जिल्ह्यातल्या एका गोठ्यावरचे आयबीआर प्रकरण

वर्धा जिल्ह्यातला, कपाशी-सोयाबीनच्या पट्ट्यातला गोठा. जनावरे १३: तीन जुन्या जर्सी संकरित गायी, दोन गवळाऊ गायी, एक बैलजोडी, चार वासरे-कालवडी, आणि मे महिन्यात बाहेरच्या जिल्ह्यातल्या बाजारातून आणलेल्या दोन संकरित गायी. आयबीआर, म्हणजे इन्फेक्शियस बोव्हाइन ऱ्हायनोट्रॅकायटिस, हा गायींच्या नाक-श्वासनलिका-डोळ्यांचा, हर्पिस विषाणूमुळे होणारा रोग. प्रकरण नमुन्यादाखल मांडले आहे. मालक, गाव आणि जनावरे ओळखू येणार नाहीत. घटनांचा क्रम, औषधांची मात्रा आणि चुका मात्र तालुक्याला अशा वेळी घडतात त्याच आहेत.

नव्या दोन गायींपैकी ठिपकी दुधात होती, तांबडी आठ महिन्यांची गाभण. ट्रकमध्ये १४ तास, बाहेर ४५ अंश, पाणी वाटेत एकदाच. त्या आल्या तो दिवस शून्य धरू. वेगळे बांधायला दुसरी सावली नव्हती, म्हणून त्याच गव्हाणीला, जुन्या गायींच्या शेजारी बांधल्या. कुटार एकच, ढेप भिजवायचे टोपलेही एकच.

सातव्या दिवशी ठिपकीच्या डाव्या डोळ्यातून पाणी सुरू झाले, दुसऱ्या दिवशी दोन्ही डोळ्यांतून. डोळे आले असे ठरले. आधी चिमूटभर मीठ चावून डोळ्यात फुंकले गेले. मग गावात इंजेक्शने देणाऱ्याला बोलावले. त्याने आठव्या, नवव्या आणि दहाव्या दिवशी ऑक्सिटेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक आणि डेक्सामिथासोन हे स्टेरॉइड १० मिली रोज दिले आणि माणसांच्या डोळ्यांचे बीटामिथासोन-निओमायसिनचे, म्हणजे स्टेरॉइड असलेलेच, थेंब घालायला सांगितले. तांबडीला काहीच झाले नव्हते, पण ‘हिलेही लागन, आधीच देऊन टाकू’ म्हणून तिलाही तीनही दिवस तेवढेच डेक्सा गेले. थेंबांची बाटली पुढे ज्याच्या डोळ्यात पाणी दिसेल त्या प्रत्येक जनावराला फिरली.

नवव्या दिवशी ठिपकीचा डोळा लालीमुक्त झाला. बाराव्या दिवशी तांबडी महिनाभर आधी व्याली. वासरू जिवंत पण अशक्त, वार अडकलेली. चौदाव्या ते सोळाव्या दिवसात दोन जुन्या जर्सी, एक कालवड आणि एक वासरू आजारी पडले. एका जर्सीचे दूध ९ लिटरवरून ५ वर आले. सोळाव्या दिवशी पशुधन विकास अधिकारी गोठ्यावर आले.

“डॉक्टरसाहेब, पह्यल्या गाईले इंजेक्शन देल्लं तं डोया दुसऱ्याच दिवशी साफ झाला होता. मंग बाकीच्याईले कसं आलं?”

“काकाजी, बाटली ठेवली का हो त्याची?”

बाटली गोठ्याच्या कोनाड्यात सापडली. डेक्सामिथासोन सोडियम फॉस्फेट, मिलीला ४ मिलीग्रॅम. म्हणजे दिवसाला ४० मिलीग्रॅम, तीन दिवसांत १२०. तांबडीचे वजन टेपने काढले: छातीचा घेर ६६ इंच, खांद्याच्या टोकापासून शेपटीच्या हाडापर्यंत लांबी ४८ इंच, घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ६६०, साधारण ३१७ किलो. हा आकडा पुढे लागणार आहे.

डोळा नीट पाहताना

कालवड आदल्या दिवसापासूनच आजारी होती, म्हणून तिच्यापासून सुरुवात केली. ताप १०५.२ फॅरनहाइट. नाकपुड्यांच्या आत लाली, पातळ पाणी. दोन्ही डोळ्यांखाली ओल्या रेषा, त्यावर धूळ चिकटून काळ्या पट्ट्या झालेल्या. डोळा ती पूर्ण मिटत नव्हती, आणि हे लक्षात ठेवण्यासारखे आहे: कॉर्नियाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला, जखम असलेले जनावर डोळा घट्ट मिटून उन्हाकडे पाठ करते, ही मात्र डोळा उघडा ठेवून पाणी गाळत होती.

नाकात चिमटा, डोके खांबाला एका बाजूला वळवून बांधलेले. पहिले काम स्वॅब. डाय, म्हणजे जखम दाखवणारा फ्लोरेसीन रंग, आधी घातला तर विषाणू शोधणारी फ्लोरेसंट अँटिबॉडी चाचणी बिघडते, भूल देणारे थेंब आधी घातले तर नमुना पातळ होतो. म्हणून आधी स्वॅब, मग डाय, मग बाकी. हा क्रम गडबडीत नेमका उलटा होतो.

स्वॅब घेऊन खालची पापणी अंगठ्याने ओढली. आतले अस्तर सुजून लालभडक, आणि त्यावर एक ते दोन मिलीमीटरचे, किंचित उचललेले पांढरे ठिपके, भिजलेल्या खसखशीसारखे. ते पू समजून पुसायला गेले तर निघत नाहीत. लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा पेशी अस्तराखाली गोळा होऊन ते ठिपके बनतात. जनावराच्या डोळ्यात आयबीआरची ही सर्वांत उपयोगी खूण आहे, आणि पापणी न उलटता तपासले तर ती हमखास सुटते. मग तिसरी पापणी बोटाने दाबून तिच्या मागचा खळगा पाहिला. विदर्भात उन्हाळा-पावसाळ्यात डोळ्यातला किडा, म्हणजे थेलाझिया, तिथेच लपतो. पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्यासारखा, वळवळणारा. इथे नव्हता.

कॉर्निया मध्ये स्वच्छ होता, कडेने निळसर धुरकट वलय. फ्लोरेसीनची पट्टी सलाइनच्या एका थेंबाने भिजवून पापणीच्या आत टेकवली, अर्ध्या मिनिटाने सलाइनने धुतले, निळी काच लावलेली बॅटरी मारली. हिरवे कुठेही धरले नाही. म्हणजे वरचा थर शाबूत, सूज आतली.

दोन्ही जर्सींचे डोळे याच चित्राचे. वासराचे मात्र वेगळे निघाले. डोळा घट्ट मिटलेला, उन्हात आणले की धडपड. पापणी उघडली तर कॉर्नियाच्या बरोबर मध्यावर चार मिलीमीटरची जखम, डाय लावताच पोपटी हिरवी. याच डोळ्यात दोन दिवस स्टेरॉइडचे थेंब जात होते. म्हणजे एकाच गोठ्यात, एकाच आठवड्यात, दोन वेगळे रोग, आणि दोघांनाही एकच नाव: ‘डोळे आले’.

मध्यावरची जखम, दुखणे, उजेडाची भीती आणि वासरांत जास्त असेल तर आधी मोरॅक्सेला बोव्हिसचा विचार करावा, म्हणजे खरा पिंक आय. हा जिवाणू माश्यांवरून पसरतो आणि ऑक्सिटेट्रासायक्लिनला दाद देतो. दोन रोग एकत्र येणे नवलाचे नाही: हर्पिसने अस्तराचे पहारे उठवले की मोरॅक्सेलाला आत जाणे सोपे होते.

आणखी एक रोग नाकारणे भाग होते. नव्या गायी येण्याच्या आठवडाभर आधी मालकाने शेतात मेंढ्यांचा कळप बसवला होता. मेंढ्यांतला ओव्हाइन हर्पिसव्हायरस-२ गायींना मॅलिग्नंट कॅटॅरल फीव्हर देतो, आणि त्यातही कॉर्निया कडेपासून मध्याकडे पांढरा होत जातो. वरून पाहिले तर आयबीआरचाच नमुना. पण तिथे लसिकाग्रंथी फुगतात, तोंडात-हिरड्यांवर फोड-जखमा होतात, जनावर काही दिवसांत खाली बसते आणि जवळपास नेहमी मरते; बहुधा कळपातले एखादेच जनावर सापडते. इथे एका आठवड्यात चार जनावरे आणि एकाच्याही तोंडात जखम नाही. दोन्ही हर्पिसच, पण डोळा बिघडवण्याची रीत वेगळी: आयबीआरचा विषाणू अस्तराच्या पेशीत शिरून वाढतो, मेंढीवाला रक्तवाहिन्यांभोवती लिम्फोसाइटचा दाह पेटवतो. ‘हर्पिसने डोळा गेला’ एवढ्यावर निदान थांबवता येत नाही ते यामुळे.

नमुने

स्वॅब सहा जनावरांचे, प्रत्येकी एक डोळ्याचा आणि एक नाकाचा. निवड मुख्यतः पाणी पातळ असलेल्या, आजाराच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतल्या जनावरांची. पिवळा घट्ट स्राव आला की विषाणू कमी आणि जिवाणू जास्त मिळतात. सगळ्यांत जुना रुग्ण म्हणून ठिपकीचा एकटीचाच नमुना पाठवला असता तर अहवाल ‘नकारार्थी’ आला असता आणि प्रकरण तिथेच बंद झाले असते. स्वॅब पॉलिएस्टरचे. कॅल्शियम अल्जिनेटचे हर्पिसला मारतात. नळी व्हायरल ट्रान्सपोर्ट माध्यमाची, थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्या, २४ तासांत प्रयोगशाळेत. घरच्या फ्रीजरमध्ये, उणे २० अंशांत, ‘जपून’ ठेवू नये. जिवंत विषाणूला ते बर्फापेक्षा वाईट. थेट उणे ७० जमत नसेल तर ४ अंशच बरे. मेमध्ये दुचाकीच्या डिकीत डबा ठेवून तालुक्याला थांबे घेत गेले की नमुना वाया.

रक्त प्रत्येकी ५ मिली, साध्या नळीत. तीन आठवड्यांनी पुन्हा. एकच सिरम या रोगात फार थोडे सांगते. वासराच्या जखमेच्या कडेचा स्मिअर ग्रॅम रंगासाठी वेगळा.

अहवाल असा आला. दोन्ही जर्सी आणि कालवड: पीसीआर सकारार्थी, डोळा व नाक दोन्ही. ठिपकी: नकारार्थी. तांबडी, जिला डोळ्याचा त्रास एक दिवसही झाला नव्हता: डोळा नकारार्थी, नाक सकारार्थी. वासराच्या स्मिअरमध्ये ग्रॅम-निगेटिव्ह जोडदंडाणू. सिरम न्यूट्रलायझेशनमध्ये, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडी मोजणाऱ्या चाचणीत (दुसरा आकडा मोठा तितक्या अँटिबॉडी जास्त), ठिपकी पहिल्या वेळी १:४, तीन आठवड्यांनी १:६४, म्हणजे तिची लागण ताजी. तांबडी दोन्ही वेळा १:१२८.

निरोगी दिसणारी, अँटिबॉडी आधीच भरपूर आणि नाकातून विषाणू सोडणारी तांबडी बहुधा जुनी वाहक. ट्रकच्या ताणाने विषाणू जागा झाला, तीन-चार दिवसांत तिच्या नाकातून बाहेर पडू लागला, शेजारची ठिपकी सातव्या दिवशी आजारी पडली. बाजारात ठिपकीला दुसऱ्याच कुठून लागण झाली असण्याची शक्यता शून्य नाही, पण आकड्यांची जुळणी तांबडीकडे बोट दाखवते. विषाणू गोठ्यात आणला तो ट्रकने, गोठाभर पोचवला तो डेक्साने.

प्रयोगशाळेतला डोळा आणि गोठ्यातला डोळा

आयबीआरचा विषाणू म्हणजे बोव्हाइन हर्पिसव्हायरस-१. अमेरिकेत कोलोरॅडोच्या फीडलॉटांमध्ये, म्हणजे मांसासाठी जनावरे पोसण्याच्या मोठ्या वाड्यांत, १९५० च्या दशकात ‘लाल नाक’ म्हणून तो गाजला, १९५६ मध्ये वेगळा काढला गेला. भारतात १९७६ मध्ये उत्तर प्रदेशातून त्याची पहिली नोंद झाली, तीही संकरित वासरांच्या डोळ्यांच्या आजारातून. आपल्याकडे हा रोग पहिल्यांदा ओळखला गेला तो डोळ्यावरूनच, आणि आज गोठ्यावर सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होते तेही डोळ्याकडेच.

हा विषाणू साध्या उंदराच्या डोळ्यात टिकत नाही. उंदराची इंटरफेरॉनची यंत्रणा त्याला लगेच आवरते. ती यंत्रणा काढून टाकलेल्या खास उंदरांतच तो वाढतो. म्हणून संशोधक सशाकडे आणि थेट वासराकडे वळतात. वासराच्या पापणीच्या पिशवीत विषाणूचे थेंब सोडतात, कॉर्नियाला ओरखडाही काढावा लागत नाही. विषाणू अस्तराच्या पेशींत वाढतो, तिथल्या संवेदी चेतातंतूंच्या टोकांत शिरतो आणि तंतूतून उलटा प्रवास करत कवटीच्या तळाशी असलेल्या ट्रायजेमिनल गाठीत जातो. तिथे तो झोपतो. त्या अवस्थेत त्याची बहुतेक जनुके बंद असतात, एकच भाग बोलता राहतो. त्याला लेटन्सी-रिलेटेड जनुक म्हणतात.

साधारण दोन महिन्यांनी, वासरू पूर्ण बरे दिसत असताना, संशोधकांना तो पुन्हा उठवायचा असतो. त्यासाठी रूढ पद्धत: डेक्सामिथासोन, किलोला ०.१ मिलीग्रॅम, रोज, पाच दिवस. चार-पाच दिवसांत नाक आणि डोळ्यांच्या स्वॅबमध्ये विषाणू दिसू लागतो. आता तांबडीचे वजन घ्या: ३१७ किलोला प्रयोगशाळेची मात्रा दिवसाला साधारण ३२ मिलीग्रॅम. तिला रोज ४० दिले गेले. प्रयोग दोन दिवस अपुरा राहिला, एवढाच फरक.

डेक्सा प्रतिकारशक्ती दाबते म्हणून विषाणू उठतो, हे अर्धेच उत्तर. स्टेरॉइड पेशीत ज्या रिसेप्टरला चिकटते तो रिसेप्टर या विषाणूच्या अगदी सुरुवातीच्या जनुकांच्या प्रमोटरवर, म्हणजे जनुक चालू करणाऱ्या भागावर, जाऊन बसू शकतो. तिथे त्याच्यासाठी जागाच आहे. म्हणजे विषाणूच्या कुलपाला गायीच्या ताणाच्या संप्रेरकाची किल्ली लागते. ट्रकमध्ये उन्हात उभी गाय स्वतःच्या शरीरात तीच किल्ली, कॉर्टिसॉल, तयार करत असते. इंजेक्शनने आपण मोठी किल्ली देतो.

आता स्ट्रेनचा, म्हणजे एकाच विषाणूच्या वेगवेगळ्या वाणांचा, मुद्दा. त्याच विषाणूचे एखादे जनुक बदलले की वासराच्या डोळ्यात काय बदलते, हे नीट तपासले गेले आहे. लेटन्सी-रिलेटेड जनुक मोडलेला विषाणू वासराच्या डोळ्यात घातला तर डोळ्यातून विषाणू कमी सुटतो आणि नंतर डेक्सा देऊनही तो पुन्हा बाहेर येत नाही. यूएस-९ नावाचे प्रथिन काढलेला विषाणू गाठीत पोचतो, झोपतोही, पण डेक्साने जागा झाला तरी गाठीपासून डोळ्या-नाकापर्यंत परतीची वाट त्याला सापडत नाही. म्हणजे ‘डोळ्यात जाणे’, ‘गाठीत लपणे’ आणि ‘परत डोळ्यात येणे’ या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. एका स्ट्रेनला पहिली उत्तम जमते, दुसऱ्याला तिसरी. गोठ्याला सर्वांत महाग पडते ती तिसरी.

माणसाच्या हर्पिस सिंप्लेक्सवर हेच काम आधीपासून चालले आहे. जर्मन नेत्रतज्ज्ञ ग्रूटर यांनी १९१२ च्या सुमारास माणसाच्या कॉर्नियातला स्राव सशाच्या डोळ्यात नेऊन रोग उठवून दाखवला, आणि तेव्हापासून सशाचा डोळा या विषाणूची कसोटी बनला. मॅक्रे नावाचा स्ट्रेन सशाच्या डोळ्यात ओरखडा न काढता रुजतो आणि पुढे अधूनमधून आपोआप जागा होऊन अश्रूंत उतरतो. केओएस स्ट्रेन त्याच सशात फारसा परतत नाही. काही स्ट्रेन वरच्या थरात झाडाच्या फांद्यांसारखी जखम करून थांबतात, काही खोल थरात शिरून कायमचा पांढरेपणा ठेवतात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हे रोगाचे रूप विषाणूच्या डीएनएच्या विशिष्ट भागावर ठरते असे दाखवले गेले. त्याहून अस्वस्थ करणारा प्रयोग १९९० चा: दोन सौम्य स्ट्रेन उंदराच्या डोळ्यात एकत्र घातले, तर त्यांच्या सरमिसळीतून दोघांपेक्षा जहाल संतती निघाली. बाजारात चार जिल्ह्यांची जनावरे एका टाक्यावर पाणी पितात तेव्हा हा प्रयोग आठवतो. गायीच्या विषाणूबाबत तसेच घडते असे यावरून म्हणता येत नाही, पण सशावरचा, उंदरावरचा आणि गायीवरचा निष्कर्ष एकमेकांच्या खात्यात टाकायची घाई नको हे कळते.

गायीच्या विषाणूचे प्रकार: १.१ श्वसनमार्ग, डोळा आणि गर्भपात, १.२ मुख्यतः जननमार्ग, वळूपासून पसरणारा. पूर्वी १.३ म्हणत तो आता बोव्हाइन हर्पिसव्हायरस-५, वासरांच्या मेंदूवर जाणारा. सशाच्या नाकात घातला तर ५ मेंदूपर्यंत चढतो, १ सहसा चढत नाही. या गोठ्यावर स्ट्रेनचा प्रकार काढला नाही, कारण उपचार बदलणार नव्हता. एखादे वासरू गोल फिरू लागले किंवा आंधळ्यासारखे भिंतीला धडकू लागले असते तर काढावा लागला असता.

काय केले

स्टेरॉइड सगळे बंद, थेंबांची ती बाटली फेकली. हर्पिसवाल्या तिघींना विषाणूविरोधी औषध नाही. माणसाच्या हर्पिसला वापरतात ते ३ टक्के असायक्लोव्हिर मलम दिवसातून पाच वेळा घालावे लागते; तिघी, सहा डोळे, तीस वेळा चिमटा लावणार कोण? आणि गरजही नसते: जखम नसलेला आयबीआरचा डोळा बहुधा दोन आठवड्यांत स्वतःच निवळतो. दिले ते सावली, पाणी आणि उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने दिवसातून दोनदा धुणे: लिटरला ९ ग्रॅम, म्हणजे चहाचा साधारण दीड सपाट चमचा. जास्त मीठ जळजळ करते, आणि चावून फुंकलेल्या मिठासोबत माणसाच्या तोंडातले जिवाणूही डोळ्यात जातात.

ताप-दुखण्यासाठी मेलॉक्सिकॅम, किलोला ०.५ मिलीग्रॅम. मिलीला ५ मिलीग्रॅमच्या बाटलीतून ३०० किलोच्या गायीला ३० मिली होतात. सवयीने १५ मिली देऊन ‘ताप उतरत नाही’ अशी तक्रार येते आणि मग हात पुन्हा डेक्साकडे जातो. डायक्लोफेनॅक जनावरांना २००६ पासून बंद आहे, केटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅक २०२३ पासून; तिन्ही गिधाडांच्या जिवावर उठणारी. मेलॉक्सिकॅम त्या बाबतीत सुरक्षित.

वासराला दीर्घ परिणामी ऑक्सिटेट्रासायक्लिन, किलोला २० मिलीग्रॅम, ७२ तासांनी पुन्हा. एका जागी १० मिलीपेक्षा जास्त नाही. डोळ्यावर जुन्या सुती धोतराचा सैल पडदा, माश्या आणि ऊन दोन्हींसाठी. चौथ्या दिवशी डायचा हिरवा डाग निम्मा, बाराव्या दिवशी नाही. तांदळाएवढा पांढरा व्रण राहिला.

आजारी आणि निरोगी यांच्यात दहा मीटर अंतर, आंब्याखाली दुसरी दावण. कुटाराची टोपली, बादली, दूध काढणारे हात वेगळे. निरोगी जनावरे आधी, आजारी शेवटी. या विषाणूला चरबीचे आवरण असते, त्यामुळे साबण आणि ब्लीचिंग पावडरीने तो लवकर मरतो. नाकाचा चिमटा मात्र सगळे विसरतात. तो एका नाकातून दुसऱ्या नाकात जातो आणि धुतला जात नाही. माणसाला हा विषाणू लागत नाही. मालकिणीच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तेच होते.

गाभ

मालकाच्या हिशेबात तांबडीचे लवकर विणे आणि डोळ्यांचा रोग एकच होते. ते वेगळे करावे लागले. गाभणकाळाच्या शेवटी डेक्साने गाय दोन-तीन दिवसांत विते, वासरू ताजे, बहुधा जिवंत आणि वार अडकलेली. तांबडी शेवटच्या इंजेक्शननंतर दोन दिवसांनी अशीच व्याली. पशुवैद्यक हेच औषध याच कामासाठी मुद्दाम वापरतात. वासरू तिसऱ्या दिवशी मेले. शवविच्छेदन झाले नाही, त्यामुळे कमी दिवसांचे होते म्हणून गेले की विषाणूने, हे सांगता येत नाही. मेलेल्या वासराच्या यकृताचा आणि फुप्फुसाचा सुपारीएवढा तुकडा बर्फात पाठवला असता तर कळले असते.

आयबीआरचा गर्भपात वेगळा असतो. गर्भ आत मरून एक-दोन दिवस पडून राहतो, बाहेर येतो तेव्हा कुजट, तपकिरी, मऊ पडलेला. आणि तो उशिरा येतो, आजारानंतर तीन आठवडे ते तीन महिन्यांत, बहुधा चौथ्या ते आठव्या महिन्यातल्या गाभाचा. म्हणून सोळाव्या दिवशीच मालकाला सांगून ठेवले होते: जुन्या जर्सीपैकी एक चार महिन्यांची गाभण आहे, डोळा बरा झाला म्हणून हिच्यावरची नजर काढू नका. पन्नासाव्या दिवशी तिने गाभ टाकला, अगदी वरच्या वर्णनाचा. हातमोजे घालून गर्भाचे तुकडे पाठवले, पीसीआर सकारार्थी. ब्रुसेला, म्हणजे गर्भपात घडवणारा आणि माणसालाही लागणारा जिवाणू, याची चाचणीही त्याच वेळी केली. गर्भपातात ती न करणे म्हणजे घरच्यांच्या आरोग्याशी खेळ. ती नकारार्थी आली.

गवळाऊ गायी आणि बैलजोडी शेवटपर्यंत आजारी पडली नाही. दुसऱ्या फेरीतल्या सिरममध्ये मात्र एका गवळाऊ गायीच्या अँटिबॉडी वाढलेल्या होत्या. म्हणजे लागण तिलाही झाली, फक्त दिसली नाही. आता तीही आयुष्यभराची वाहक.

मालकाला तांबडी बाजारात विकून टाकायची होती. तिच्यासोबत विषाणू दुसऱ्या गोठ्यात जाईल आणि इथे चार-पाच वाहक तरीही राहतील, हे पटायला दोन भेटी लागल्या. ती राहिली. नवे जनावर आता आंब्याखालच्या दावणीला ३० दिवस राहते आणि उतरल्याच्या दिवशी त्याचे रक्त घेतले जाते. गावचा वळू बंद, रेतन फक्त आयबीआर तपासणी होणाऱ्या वीर्यकेंद्राच्या कांड्यांनी. तांबडी, ठिपकी, दोन्ही जर्सी, कालवड आणि ती गवळाऊ गाय, सहा जणींच्या कानातल्या बिल्ल्यांचे बारा आकडी नंबर गोठ्याच्या दारामागे खडूने लिहिले आहेत, आणि त्यांच्यापुढे एकच ओळ: डेक्सा द्यायच्या आधी डॉक्टरला फोन.